दीड तासाचा रस्ता

परवा दौंडला नातीकडे होते. सहज म्हटलं, वालाँग ते जोरहाट विमानानं किती वेळ लागतो बघ गं. तिनं मोबाइलवर पाहिलं... तास-सव्वा तास. खाली बारीक अक्षरांत काय आहे विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं आजी, हवामानाचं काहीतरी."

माझा हातातला चहा तसाच राहिला.

चीनच्या लढाईनंतरची दोन-तीन वर्षं. मी आमच्या गावी, निमोण्यात, सहावीत होते. थोरला भाऊ बापू सैन्यात, पार तिकडे आताच्या अरुणाचलात, चीनच्या हद्दीजवळ वालाँगच्या डोंगरात. आई अंथरुणाला खिळलेली. वडिलांना, आबांना, अक्षरओळख नव्हती, म्हणून बापूची पत्रं मीच वाचायची.

एका पत्रात होतं, इथून आसामातलं जोरहाट विमानानं दीड तास, पुढे दौंडपर्यंत रेल्वेनं पाच दिवस. आमच्याकडे तेव्हा अंतर तासांतच सांगत, पण बैलगाडीच्या. आबा म्हणाले, "दीडच तास व्हय? मंग इमान न्हाई गावलं तर चालत यील की."

आई कितीतरी दिवसांनी हसली. पुढची ओळ होती, ढग उतरले की आठ-आठ दिवस विमान येत नाही आणि पायी तर त्याहून जास्त लागतात. ती ओळ मी गिळली... आईचं हसू घालवायला जीभ रेटेना.

महिन्याभरात आईचं जास्त झालं. बापूला तार केली. आबांनी बोटांवर दिवस मोजले आणि सहाव्या दिवशी त्याला आणायला दौंड स्टेशनला निघाले. आई म्हणाली, "ऱ्हावा की हितंच. यील त्यो." आबा म्हणाले, "आलोच त्याला घिऊन."

मला सगळं ठाऊक होतं. सांगायला दोनदा तोंड उघडलं... पण मग ओळ का गाळली, तेही सांगावं लागलं असतं. एसटी गेली.

आबा दोन दिवस फलाटावर बसून होते. येईल त्या गाडीचे डबे बघायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली... दाराकडे बघत. चुलत्यांनी दौंडला माणूस धाडला, पण आबा पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता.

बापू आला तो आई गेल्यावर नवव्या दिवशी. रडून झाल्यावर म्हणाला, "आबा, म्या लिव्हलं व्हतं की, ढग असले की इमान येत न्हाई. तुमी दौंडला कशापायी गेला?"

मी चुलीपाशी होते. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरीनं वाचलं व्हतं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

त्यानंतर आबा वीसेक वर्षं जगले. तो विषय त्यांनी कधी काढला नाही... आणि मीही नाही.

परवा नातीला म्हटलं, ती खालची ओळ वाच बाई, मोठ्यानं. तिला काही कळलं नाही, पण वाचली तिनं.

आबा, फार उशीर झाला... पण वाचली.