झाकणावर काय लिहून आहे?

आमच्या मामेसासऱ्यांचा देवावर विश्वास आहे, डॉक्टरांवर आहे, सणावाराला माझ्यासारख्या जावयावरही ते थोडाफार टाकतात. पण उघडून ठेवलेल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीवर त्यांचा विश्वास बसवील असा माणूस गोंदिया जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. दवनीवाड्याला त्यांच्या घरी कुणी गाडी घेऊन गेलं, की पाण्याचा तांब्या मागाहून येतो. आधी मामाजी अंगणात येतात, पाहुण्याला बोनेट उघडायला लावतात आणि ब्रेक ऑइलच्या त्या एवढ्याशा डबीवर वाकून विचारतात, "झाकणावर काय लिहून आहे?" पाहुणा गोंधळतो. झाकणावर काही लिहिलेलं असतं, हेच त्या बिचाऱ्याला आयुष्यात प्रथम कळत असतं. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी दोन गाड्या वापरल्या, आणि दोन्हींपैकी एकीबद्दलही मामाजींच्या तोंडून "बरोबर आहे" हे दोन शब्द मी ऐकले नाहीत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये ते धानाचा ओलावा पाहायचे. गाडीतून पोतं उतरलं की मूठभर धान घ्यायचं, एक दाणा दाताखाली धरायचा आणि कट् असा आवाज कसा येतो त्यावरून सांगायचं, वाळलाय की दोन दिवस उन्हात पाहिजे. पुढे मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आलं. यंत्र बरोबर चालतंय का हे तपासायला मालक मामाजींनाच बोलवत. असा माणूस घरी तरी कसा गप्प बसेल? पापडाचा डबा, आगपेटी, मीठ, वाळत घातलेली चादर, सगळ्यावर त्यांचा निकाल तयार असतो. आणि अशा माणसाला कुणीतरी सांगितलं, की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, पाणी प्यालेलं ऑइल उतारावर तापलं की उकळतं, आणि उकळलं की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. झालं! धानाला सुट्टी मिळाली आणि सगळ्या जिल्ह्याचे ब्रेक मामाजींच्या ताब्यात आले.

एकदा मी त्यांच्याबरोबर गोंदियाच्या बाजारात ऑइल घ्यायला गेलो होतो. त्यांच्या गाडीच्या ऑइलच्या झाकणावर डॉट फोर लिहिलेलं, म्हणजे चार नंबरचं ऑइल. दुकानदारानं बाटली काढली डॉट फाइव्हची. वर उदारपणे म्हणाला, "चाचा, पाँच नंबर ले जाओ, चार से बड़ा है." मामाजींनी बाटली त्याच्याकडे परत सरकवली. "बड़ा है तो क्या करूँ? जूता लेने आया क्या मैं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जवाईबापू, जुताबी आपल्या पायाच्या मापाचाच घेते माणूस. हे पाच नंबर वेगळ्याच जातीचं आहे, आपल्या ऑइलात मिसळतच नाई." दुकानदारानं चारची बाटली काढली. तिचं सील मामाजींनी नखानं चारी बाजूंनी चाचपलं, तोवर आमच्या मागे सहा गिऱ्हाइकं जमली होती आणि त्यातले दोघे आपापल्या गाडीचं झाकण पाहायला बाहेर गेले होते.

अर्जुनी मोरगावच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. पाठवणीची वेळ, नवरी रडतेय, गाडी फुलांनी मढवलेली. मामाजींनी माळा बाजूला सारून बोनेट उघडलं आणि जाहीर केलं, "ऑइल काळं झालं आहे. पोट्टी यात बसन नाई." नवरदेवाच्या काकांना वाटलं, मुलीकडच्यांचा काही मानपान राहिला. ते हात जोडून म्हणाले, "पाहुणे, काही चुकलं असन तं सांगा." मामाजी म्हणाले, "सांगून तं राहिलो, ऑइल चुकलं आहे!" ड्रायव्हर नवी बाटली आणायला धावला आणि नवरी तासभर रडायची थांबून आइस्क्रीम खात बसली.

दुसऱ्याच्या गाडीत मामाजी बसतात ते पुढे, डाव्या बाजूला. तिथे ब्रेक नसतो, हे त्यांच्या उजव्या पायाला मान्य नाही. समोर बैल दिसला, वळण आलं, लांबवर एखादी सायकल दिसली, की त्यांचा पाय खालची जमीन दाबतो. माझ्या गाडीत त्या जागची रबरी चटई झिजून तिला भोक पडलं आहे.

या सगळ्याला मी पुष्कळ हसलो. मग एकदा मामींनी मला जीपची गोष्ट सांगितली. मुलगी, म्हणजे वैशाली, सहा महिन्यांची असताना मामाजी मिलची जीप घेऊन दोघींना माहेराहून आणायला गेले होते. निघायच्या आठवडाभर आधी जीपचं ब्रेक ऑइल कमी दिसलं, म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या डब्यातलं हायड्रॉलिक ऑइल ओतलं. ऑइल ते ऑइल! त्यानं आतली रबरं फुगली. परतीच्या वाटेवर पेडल खाली गेलं आणि जीप रस्ता सोडून सरळ रोवणीच्या बांधीत, म्हणजे धान लावायला चिखल केलेल्या शेतात उतरली. चिखलानंच तिला अलगद थांबवलं, कुणाला खरचटलंही नाही. मामी लेकराला कडेवर घेऊन गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या आणि हसत म्हणाल्या, "रोवणीले आणलं का तुमी आमाले?" त्या हसल्या, मामाजी हसू शकले नाहीत. मामींनी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, मामाजींनी एकदाही नाही. पुढे मामी आजारपणात गेल्या. घरात बाप-लेक दोघंच उरली आणि मामाजींचं ऑइल बदलणं वाढलं.

वैशाली जनावरांची डॉक्टर झाली. तिला नेमणूक मिळाली ती अर्जुनी मोरगावच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. वाट कोहमाऱ्यावरून, मध्ये उतार आणि वळणं. तिथे खेडोपाडी फिरायचं तर गाडी हवी. गाडी अंगणात उभी होती, चालवायचा परवाना तिच्या पर्समध्ये होता, आणि किल्ली मामाजींच्या बंडीच्या खिशात. अडलेल्या म्हशीच्या पोटातून रेडकू सोडवणारी मुलगी. पण चालत्या गाडीचं ब्रेकचं पेडल तिच्या पायाखाली द्यायला बापाचं मन होईना. महिन्याभरात त्यांनी ऑइल दोनदा बदललं. दर वेळी काहीतरी खोट निघे.

सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. शनिवारी सकाळी मी आणि बायको तिला निरोप द्यायला गेलो, तर अंगणात बाप-लेकीचं जुंपलेलं.

"एसटीनं जाऊ आपण. मी येतो तुह्या संगं. गाडीचं मंग पाहू," मामाजी म्हणत होते.

"अन् खेड्यात ढोरं पाहायले एसटी येईन का बाबा?"

"ऑइलचा भरोसा वाटून नाई राहिला मले."

वैशालीनं पर्स खांद्यावरून उतरवून बोनेटवर ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "गाडी नका देऊ. पण ऑइलचं नाव नका सांगू बाबा. भेव लागते म्हणून सांगा."

मामाजी तडक आत गेले. आम्हाला वाटलं रागावले. ते दोन बाटल्या घेऊन बाहेर आले आणि तिच्यासमोर ठेवल्या. "यातली कोणती टाकशीन?"

तिनं पहिली उचलली. "हे मागच्या महिन्यात उघडली. नाई टाकत." दुसरी उचलली. सीलबंद, चकचकीत, बहुधा परीक्षेसाठीच आणून ठेवलेली. "हे पाच नंबरची. आपल्या झाकणावर चार लिहून आहे." आणि पर्समधून तिसरी काढली. "हे काल गोंदियातून आणली. झाकणाचा फोटो दाखवून."

मामाजींनी सीलवरून नख फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग पान्हा तिच्या हातात दिला. ऑइल बदलायला दोघं लागतात. एकानं चाकाशी बसून नट सोडायचा, दुसऱ्यानं पेडल दाबायचं. इतकी वर्षं चाकाशी मामाजी आणि पेडलवर वैशाली. त्या दिवशी ती खाली बसली आणि मामाजी पेडलवर. "दाबा," ती म्हणे. "धरून ठेवा. सोडा." आणि जिल्हाभराला हुकूम सोडणारा माणूस मुकाट्यानं दाबत होता, धरत होता, सोडत होता. चौथं चाक झाल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तेलकट हातावर ठेवली. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती. मी उगाचच रिकाम्या बाटलीचं झाकण वाचत बसलो.

याला दोन वर्षं झाली. परवा वैशाली घरी आली तेव्हा आम्हीही तिथे होतो. मामाजी सवयीनं बोनेट उघडून वाकले. "कोहमाऱ्याले बदलवलं बाबा, समोर उभं राहून," ती म्हणाली. ऑइल स्वच्छ, फिकं पिवळं. मामाजी वाकूनच राहिले, मग सरळ झाले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

माझ्या हातातला चहा सांडला. पण त्यानंतर मामाजी अंगणात नुसतेच उभे राहिले. हातांना काही कामच उरलं नव्हतं. मला त्यांची दया आली. त्यांनाही ते समजलं असावं. "चाल बाई, एक चक्कर मारू," ते वैशालीला म्हणाले.

मी मागे बसलो. ते पुढे, डाव्या बाजूला. समोरून ट्रॅक्टर आला, एक म्हैस आडवी गेली, वैशालीनं ब्रेक मारला. मी मुद्दाम वाकून पाहिलं. मामाजींचा उजवा पाय चटईवर स्वस्थ पडून होता.

दोनतीन मैलांवर त्यांनी हात वर केला. "इथं थांब."

गाडी थांबली. रस्त्याला लागून एक बांधी होती, धान लोंबीला आलेलं. मामाजींनी काच खाली केली आणि बांधीकडे बोट दाखवलं.

"इथंच उभी होती तुही आई," ते म्हणाले. "तुले कडेवर घेऊन. हासत होती."