ठासणीच्या बंदुकीचा कान

श्रीरंग गोळवलकरांना भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नसे. अशा माणसाने रिटायर झाल्यावर अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या घराच्या गराजमध्ये ठासणीची बंदूक बनवायला घेतली, तेव्हा वसुधाबाईंनी नवऱ्याला तोंडावर विचारलं, "डोकं फिरलंय का?"

"जन्मभर डेटा सेंटर सांभाळलं," ते म्हणाले. "मी केलेलं म्हणून हातात धरावं असं काय आहे, सांग."

वसुधाबाईंनी गराजमधलं आपलं सामान हलवून जागा करून दिली.

मागवलेल्या खोक्यातून निघाली लोखंडी नळी, चकमकीचा घोडा आणि जेमतेम बंदुकीच्या आकाराचं अक्रोडाचं लाकूड. नळीला निरांजनाची काजळी फासायची, लाकडावर दाबायची, काळं उमटेल तिथे केसभर तासायचं. मग पुन्हा फासायची. पहिलं लाकूड तडकलं. दुसरं घेताना श्रीरंग म्हणाले, "ही बंदूक उडाली नाही, तर हत्यारं वाटून टाकतो."

उन्हाळा सरता सरता नळी लाकडात अशी बसली, की मध्ये कागद शिरेना. वसुधाबाई बोट फिरवतच राहिल्या. नुसतं लोणी! हे याच माणसाचे हात?

खंडेनवमीला बंदुकीची पूजा त्यांनीच केली. नळीच्या बाजूला एक बारीकसं भोक होतं, त्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. "आणि पुसायचं नाही हं!"

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर श्रीरंगांनी नळीत दारू ओतली, गोळी गजाने ठासली, बाहेर त्या भोकापाशी चिमूटभर दारू ठेवून चाप ओढला. भस्सकन जाळ झाला, धूर झाला. गोळी आतच.

नियमाप्रमाणे नळी समोर रोखून ते थांबले. चेहरा पार उतरला होता. "संपलं. आग कानातून आत गेलीच नाही."

"बंदुकीला कसला कान?"

"ते बाजूचं भोक गं."

"अहो, तिथे माझं कुंकू आहे!"

"तू पुसू नको म्हणालीस."

"जन्मात एकदा माझं ऐकलंत, ते नेमकं इथे?" त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून पुढे केली. श्रीरंगांनी कान कोरला. लाल भुगा गळला. बाहेर पुन्हा चिमूटभर दारू. पुन्हा चाप.

आवाज छातीत शिरला. श्रीरंग पांढऱ्या धुरात दिसेनासे झाले. गंधकाचा वास दरवळला. दूरच्या कागदाला भोक पडलं होतं, कडेला का होईना.

"द्या इकडे," वसुधाबाई म्हणाल्या, आणि ती ऊन, जड बंदूक त्यांनी दोन्ही हातांत धरली.