काकूंचा टोंगळा आणि सोळा भाग

"सत्तर," मी म्हणालो.

काकूंनी मान फिरवली. सलग तिसऱ्या दिवशी सत्तरच होते.

मी अकोल्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या पेशंट काकूंचा उजवा गुडघा, त्यांच्या भाषेत टोंगळा, बदलून तीन आठवडे झाले होते. नवा सांधा किती वाकतो ते आम्ही गोनिओमीटरने मोजतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात, तसं ते असतं. नव्वद अंशांत माणूस खुर्चीत नीट बसतो. शंभराच्या पुढे गेला की एस.टी.ची उंच पायरी चढता येते. काकूंना तेवढंच हवं होतं. कोणाचा हात न धरता मूर्तिजापूरच्या मुलीकडे जायचं.

सर्जनसाहेबांनी मला फोनवर मुदत दिली होती. सहाव्या आठवड्यात शंभर दिसले नाहीत तर एमयूए, म्हणजे पेशंटला भूल देऊन गुडघा हाताने वाकवायचा. हे ऐकल्यापासून काकूंनी धसका घेतला होता. "आता टेबलावर नाई जात मी," त्या म्हणायच्या. "राहू द्या टोंगळा असाच."

खरं तर सांध्यात काही दोष नव्हता. मी हात लावला की काकू पाय लाकडासारखा ताठ करायच्या. याला गार्डिंग म्हणतात. स्नायू घाबरतात आणि दार लावून घेतात. बावीस वर्षांत जमवलेले सगळे गोड शब्द मी वापरून पाहिले. रागावूनही पाहिलं. काकूंनी पाय काही सैल सोडला नाही.

एक दिवस मी त्यांच्या घरी जरा लवकर पोचलो. मुलगा पातूरच्या मळ्यात, सून रूपाली शाळेत शिकवायला गेलेली. काकू पलंगाच्या कडेला बसून मोबाईल पाहत होत्या. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला. त्यात हिंदीत डब केलेली कोरियन सिरीयल चालू होती. सुनेने वेळ जावा म्हणून लावून दिली होती. मोठ्या हॉटेलचा मालक लोणच्याच्या दुकानासमोर उभा होता आणि दुकानवालीला काहीतरी सांगणार होता. काकू ऐकायला पुढे झुकल्या, आणि त्यांचा पाय आपोआप पलंगाखाली सरकला.

मी गुपचूप गोनिओमीटर लावला. ब्याऐंशी भरले.

त्या दिवसापासून उपचार ठरला. सिरीयल लावायची आणि काकूंचं लक्ष तिकडे गेलं की गुडघा वाकवायचा. सर्जनसाहेबांना मी ऐटीत 'डिस्ट्रॅक्शन टेक्निक' असं सांगितलं. साखरेच्या डब्याचा उल्लेख टाळला.

हळूहळू माझंच लक्ष तिकडे जायला लागलं. हॉटेलवाल्याला ती आवडते हे पहिल्या भागात कळतं. तिलाही तो आवडतो हे दुसऱ्या भागात. तरी दोघं बोलत नाहीत. पावसात उभे राहतात. एकमेकांकडे पाहतात, मग तेच पाहणं तीन बाजूंनी पुन्हा दाखवतात. सातव्या भागात तो तिच्या दारापर्यंत येऊन परत गेला, तेव्हा "अरे, बोल ना गधड्या," असं कोणीतरी मोठ्यांदा म्हणालं. ते मी होतो.

त्यात माझं सेशन चाळीस मिनिटांचं आणि भाग सत्तर मिनिटांचा. मी निघालो की उरलेला भाग काकू एकट्या पाहून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी मी काय झालं विचारलं की म्हणायच्या, "काई नाई. तो आला, पाह्यलं अन् गेला." पुढे पाहतो तर हॉटेलवाल्याच्या पायाला प्लास्टर. कधी पडला, कोणी पाडलं, काही पत्ता नाही. बरं, पुढच्या भागात तोच गडी प्लास्टर काढून विमानतळावर धावतोय. ना वॉकर, ना व्यायाम. अख्ख्या सिरीयलीत एकाही फिजिओथेरपिस्टला काम मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

घरी पाहायची सोय नव्हती. बायकोच्या सिरीयलींना मी लग्नापासून नावं ठेवत आलोय. आता कोणत्या तोंडाने लावणार?

पाचव्या आठवड्यात काकूंचे एकशे दोन अंश भरले. या टप्प्यावर आम्ही पेशंटच्या घरी जाणं थांबवतो. व्यायामाचा कागद द्यायचा आणि निरोप घ्यायचा. कागद माझ्या बॅगेत तयार होता. पण त्या दिवशी सोळापैकी बारावा भाग संपला होता, आणि दुकानवाली गाव सोडून जायचं ठरवत होती.

"काकू," मी म्हणालो, "अजून चार सिटिंग लागतील."

काकूंनी माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि त्या बरं म्हणाल्या.

दुसऱ्या सिटिंगला दुकानवाली बस स्टँडवर उभी होती आणि हॉटेलवाला रस्ता ओलांडत होता. माझा हात काकूंच्या घोट्यावर होता. हात दाबत गेला. दहा आकडे मोजून दाब सोडायचा असतो, ते मी मोजलेच नाहीत. काकू किंचाळल्या तेव्हा मी भानावर आलो.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून टम्म झाला होता. मोजला तर अठ्ठ्याऐंशी. तपासणीला सहा दिवस उरले होते. मला स्वतःची लाज वाटली. बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून मी बसलो.

"डॉक्टर, एक खरं सांगा," काकू म्हणाल्या. "हे चार दिवस टोंगळ्यासाठी होते का सिरीयलसाठी?"

"सिरीयलसाठी," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"मले समजलं होतं. कागद दिसून राहिला होता बॅगेतून."

"मग बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"सून जाते शाळेत. दिवसभर एकटीनं पाहायचा कंटाळा येते." त्यांनी मोबाईल उचलून उशीखाली ठेवला. "पण आता हे बंद. तुमचं ध्यान माह्या टोंगळ्यावर पायजे."

पुढचे सहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ गेलो. बर्फ, सूज उतरवायचे हलके व्यायाम, मग एकेक अंश. मोबाईल उशीखालीच. गंमत म्हणजे आता काकूंनी पाय ताठ केला नाही. भीतीपेक्षा माझ्यावर नजर ठेवण्यात त्यांचं जास्त लक्ष होतं. तपासणीत सर्जनसाहेबांनी स्वतः मोजलं. एकशे सहा. एमयूए टळलं. साहेबांनी माझ्या टेक्निकचं कौतुक केलं आणि मी खाली पाहिलं.

निरोपाचा कागद दिला तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवटचे भाग मी पाह्यलेच नाई. रविवारी या. पण पायाले हात लावू नका."

रविवारी गेलो, बायकोला घेऊन. तीन भाग सलग पाहिले. शेवटी एक वर्ष उलटतं. दोघं एका रस्त्यावर समोरासमोर येतात, हसतात आणि संपतं. लग्न नाही, काही नाही.

"इतल्यासाठी टोंगळा सुजवला माहा," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. पेशंटच्या अंगावर हात असला की स्क्रीन माझ्या पाठीमागे. पण त्या रविवारी माझा हात कोणाच्याच अंगावर नव्हता. सिरीयल अशी कशी संपवली म्हणून मी बायकोशी तावातावाने वाद घालत होतो. काकू पलंगाला न धरता, एका दमात उठल्या, हे मी पाहिलंच नाही. ते बायकोने मला घरी गेल्यावर सांगितलं.