चकाकी मरेपर्यंत

केकमावशींच्या स्वयंपाकघरात "आता" म्हणायचा अधिकार एकट्या मावशींचा होता. बाकी कुणी कितीही बडबड करावी, पण पातेलं शेगडीवरून उतरलं की सगळ्यांनी तोंड मिटून त्या एका शब्दाची वाट बघायची.

केक म्हणाल तर चारचौघी करतात तसाच. नाव होतं ते वरच्या चॉकलेटच्या आयसिंगचं. हल्ली पिशवीतून पिळायचं फुगीर आयसिंग सगळीकडे मिळतं. मावशी त्याला दाढीचा साबण म्हणत. त्यांचं आयसिंग शेगडीवर शिजायचं. कोको, साखर, दूध, लोणी, जाड बुडाचं पातेलं आणि एक दणदणीत उकळी. मग खाली उतरवून लाकडी चमच्याने घोटत राहायचं. घोटता घोटता त्याची चकाकी मरायला लागते, तेव्हा ओतायचं. आधी ओतलं तर चहासारखं वाहून जातं, उशीर झाला तर पातेल्यातच दगड. मधे मिळतं जेमतेम अर्धं मिनिट.

हे त्या लग्नाआधी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला असताना शिकल्या. तिथली आचारीणबाई महाखाष्ट. चुकलेलं आयसिंग ती शिकाऊ पोरींनाच खायला लावायची. मावशींनी पहिल्या महिन्यात इतकं खाल्लं की पुढे जन्मात चॉकलेट तोंडात घातलं नाही. करायचा सोस मात्र सुटला नाही. लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींशी. पंधरा वर्षांपूर्वी मावशींचं मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं, आणि घोटायचं काम मिस्त्रींकडे आलं. मिस्त्री घोटणार, मावशी बघणार, "आता" म्हणणार, मिस्त्री ओतणार आणि मावशी कालथ्याने पसरवणार. नवरा-बायकोचं इतर कशावर एकमत नव्हतं, पण ह्या कामात दोघांचा हात बसलेला होता.

आणि मग मावशींचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेकडेचं दिसायचं, बघावं तिथे नेमका मधोमध राखाडी डाग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या पडद्याची झीज आहे, गेलेलं परत यायचं नाही. मावशी एकट्याच गेल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "नंबर वाढलाय." मिस्त्री "बरं" म्हणाले.

सांगायचं कुणाला? मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, दवाखान्यात रक्त तपासायची, आणि सगळ्या जगाला काहीतरी झालंय असंच धरून चालायची. तिने आधीच बजावलं होतं, "आई, उकळता पाक आहे तो. एकदा जरी सांडलं ना, त्या दिवसापासून केक बंद." मावशींनी हो म्हटलं होतं. केक बंद झाला की आपण कोण उरतो, हे मात्र त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.

म्हणून त्या अंदाजाने "आता" म्हणू लागल्या. मनात आकडे मोजायच्या आणि म्हणायच्या. आठ महिने एकही केक बिघडला नाही. मावशींना वाटलं, अनुभव म्हणतात तो हाच.

एवढंच, की मिस्त्री फार ढिले झाले होते. "आता" म्हटलं की ह्यांना खोकला यायचा, चष्मा पुसायचा असायचा, फडकं सापडायचं नाही. कधी उलटं, मावशींनी म्हणायच्या आतच ओतून मोकळे. "तुमच्या हातात यंत्र देणाऱ्यांची कमाल आहे," मावशी करवादायच्या. "लिफ्टमधली माणसं अजून लटकत असतील." मिस्त्री ऐकून घ्यायचे.

त्या दिवशी शाळेच्या शिपाईणबाईंचा निरोपसमारंभ होता, केक चारला पोचवायचा होता. आणि मिस्त्री नेमके दाढ काढायला गेलेले. मुलीला सुट्टी होती, ती घोटायला उभी राहिली. मावशींनी आकडे मोजले. "आता."

मुलीने तत्काळ ओतलं.

टपटप आवाज आला. आयसिंग केकवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर, मावशींच्या पावलांवर. मुलगी किंचाळली नाही, तिने पातेलं बाजूला ठेवलं.

"दूध जास्त पडलं का गं?" मावशींच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांना एकदम फडकं आठवलं. चष्मा, खोकला. आठ महिन्यांत हा केक एकदाही वाहिला नव्हता, कारण आठ महिन्यांत आपला "आता" कुणी ऐकलाच नव्हता. तो माणूस स्वतः बघत होता, आणि वर आपल्या शिव्या खात होता. मावशींनी कालथा खाली ठेवला.

"मला दिसत नाही," त्या मुलीला म्हणाल्या. सगळं सांगितलं, डॉक्टरांसकट. "सांडलं की बंद, तुझी अट होती. सांडलं."

मुलीने आईचे पाय पुसले. घोटताना निवलं होतं, म्हणून भाजलं नव्हतं. फरशीही पुसून काढली. मग म्हणाली, "केक चारला द्यायचाय ना? कोको उरलाय का?"

मिस्त्री एका बाजूने सुजलेले, अर्धं तोंड बधिर, असे दारात आले. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मान डोलावली.

"मी काय काय बोलले तुम्हाला."

"थवय आहे," मिस्त्री अर्ध्या तोंडाने म्हणाले.

मावशींना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने त्यांना स्वतःचाच राग आला. "हात धुवा," त्या म्हणाल्या.

नवं आयसिंग उकळलं, उतरलं. मुलगी घोटायला लागली. मावशी कालथा धरून उभ्या राहिल्या. "आज तुम्ही सांगायचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मिस्त्री पातेल्यात बघत होते. चकाकी मंद व्हायला लागली, तरी ते गप्प. त्यांची नजर सवयीने बायकोकडे वळली.

"माझ्याकडे काय बघता? मला नाही दिसत ते," मावशी हळूच म्हणाल्या. "तुम्हाला दिसतंय."

"आथा," मिस्त्री म्हणाले.

मुलीने ओतलं. मावशींनी कालथा फिरवला, बोटाने कडा चाचपल्या. जिथल्या तिथे बसलं होतं. जन्मात नाही ते त्यांनी बोट चाटलं.

"जरा घाई केलीत," त्या म्हणाल्या. "उद्या थोडं थांबा."

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. मुलगी पातेलं नळाखाली धरून घासत होती.

"उद्याचा केक किती वाजता द्यायचाय?" पाठमोरीच तिने विचारलं. "मला सकाळपाळी आहे. दोननंतर येईन."