मीटर उलटं फिरलं तो दिवस

सातव्या इमारतीपाशी पोहोचलो तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले होते. भिंगरी मात्र खालच्या पायरीशी वही उघडून तयार.

"चल आजीबाई, देवाचं नाव घे आणि चढ. चारच मजले."

सकाळी नऊपासून हेच चाललं होतं. घरोघरच्या विजेच्या मीटरचे आकडे लिहून घ्यायचे, ही तिची अकरा वर्षांची नोकरी. डॉक्टरांनी तिला जिने चढायला मनाई केली होती. ऑफिसात कळलं तर खुर्चीत बसवणार, आणि खुर्चीत बसवलं की तिच्या आईला कळणार. म्हणून मी रजा काढून तिच्याबरोबर फिरत होते. मी वर जायचं, आकडा वाचायचा आणि कठड्यावरून ओरडून सांगायचा; तिने खाली लिहून घ्यायचा. दोन इमारतींच्या मधे मात्र ती अशी सुटायची की आजारी नक्की कोण, असा प्रश्न पडावा.

भिंगरी हे नाव शाळेतलं, आणि सारखं देव-देव करते म्हणून मला आजीबाई हे नाव तिने तिथेच ठेवलेलं. बाकावर तिचं बूड टेकायचं नाही. लहानपणच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली होती, त्यामुळे तिला कवायत माफ. आम्ही कवायत करायचो आणि ही मैदानाला फेऱ्या मारायची. तिची आई आमच्याच शाळेत शिपाई होत्या, घंटा त्याच द्यायच्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. घंटेचा हातोडा हातात धरून मावशी ओरडायच्या, "बस गं एका जागी! माझ्या जिवाला घोर लावू नकोस."

त्या दिवसानंतर दीड महिन्यात भिंगरी गेली. एकतीस वर्षांची होती. वर्गातल्या बाया भेटल्या की म्हणतात, किती हसतमुख होती नाही! कसली हसतमुख? चिडकी होती. माझा डबा न विचारता संपवायची, गणिताच्या तासाला मुद्दाम चुकीचं उत्तर सांगून खिदळायची. तिला असं गुळगुळीत केलेलं ऐकलं की मला तिथे बसवत नाही, मी उठून जाते. मावशींकडे मात्र दर रविवारी जाऊन बसते.

तर त्या सातव्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. चौथ्यावर एकच बिऱ्हाड होतं. पायात गोळे आले होते, आणि मनात आलं, एका आकड्याने काय आभाळ कोसळणार आहे? रोज देवापुढे हात जोडणारी मी, तिथूनच ओरडले, "चार, दोन, सहा, सात!"

खाली तिने वहीचं पान उलटलं. मग हसणं.

"आजीबाई, मागच्या महिन्यात पाच हजार एकशे तीन होते. मीटर उलटं फिरायला लागलं वाटतं?"

मागचा आकडा तिच्या वहीत असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "थांब, जाते वर!" मी म्हटलं. पण तिची पावलं वाजायला लागली होती. मी धावत खाली गेले.

"अगं, वेड लागलंय का? मी जाते ना!"

"तुझा भरवसा संपला."

प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढत राहिली. मी हात पुढे केला, तो तिने झटकला. बहात्तर पायऱ्या. मी मोजल्या, कारण देवाचं नावसुद्धा तोंडात येईना.

वर एका म्हाताऱ्या आजोबांनी दार उघडलं. "आलीस? खालून आवाज येत होता, म्हटलं इतका वेळ का लागतोय." त्यांनी खुर्ची ओढली. ती बसली नाही.

"पाच, एक, एक, आठ. पंधरा युनिट! आजोबा, जरा दिवे लावत जा की."

"कुणासाठी लावू?"

"माझ्यासाठी. एवढं चढून यायचं आणि आकडा हलतच नाही."

तिचे ओठ निळे पडले होते. लिहिणारा हात मात्र स्थिर.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. आपणहून बसलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच. अकरा वर्षांत एक आकडा अंदाजे घातला नाही मी. तुझ्या पायातल्या गोळ्यांपायी म्हाताऱ्याला ऑफिसात चार खेपा पडल्या असत्या." तिने पेनचं टोपण काढलं, पुन्हा घातलं. मग म्हणाली, "घरी मात्र सहा महिने थापा मारतेय. आई रोज विचारते, डॉक्टर काय म्हणाले? मी सांगते, रक्त कमी आहे. ती गोळ्या हातावर ठेवते आणि म्हणते, पुढच्या वर्षी ठणठणीत होशील."

"खरं काय म्हणाले?" इतके दिवस मीही विचारलं नव्हतं.

"ऑपरेशन आता झेपणार नाही. पुढचं वर्ष धरू नका." आकडा वाचून दाखवावा तसं म्हणाली.

उरलेली गल्ली आम्ही कशीबशी संपवली. तिच्या घराच्या कोपऱ्यावर ती थबकली. वर खिडकीत मावशी उभ्या होत्या. जन्मभर घंटा दिलेली बाई, लेकीची यायची वेळ कशी चुकेल?

"तू वर चल," भिंगरी म्हणाली. "आईसमोर उभी राहिले की माझ्या तोंडून थापच निघते. तू सांग तिला."

"मी? आत्ताच तर खोटं बोलताना पकडलंस मला!"

"म्हणूनच. आठवडाभर तरी आता तुझी जीभ खोटं बोलायला धजणार नाही. डॉक्टर म्हणाले तेवढंच सांग. कमी नको, जास्त नको. आणि सांगून झालं की पळू नकोस, आजीबाई. तिच्याजवळ बसून राहा. मला नाही गं बसता येत."