फकिराला ऐकू गेलेला खो

शुभांगीचा हात अचूक पडायचा, पण तोंड उघडायचं नाही. खो-खोत नुसतं शिवून भागत नाही. बसलेल्या खेळाडूला मागून शिवताना सगळ्यांना ऐकू जाईल असा 'खो' द्यावा लागतो. तिचा खो ओठातच राहायचा, आणि शिट्टी वाजायची. फाउल.

"पाय तुझे हरणाचे आहेत, पोरी," आदिलाबादच्या शाळेतले पीईटी, म्हणजे खेळाचे शिक्षक, चिंतामणी सर म्हणाले. "पण मुक्या खेळाडूला रविवारच्या निवडीत घेऊ कसा?"

निवड झाली तर क्रीडा वसतिगृह होतं. नाही झाली, तर उन्हाळ्यात बाप तिला परत न्यायला येणार होता. आई गेल्यावर त्या घरात तिनं हूं का चूं केलं की पाठ सुजायची. म्हणून आठव्या वर्षीच ती गप्प राहायला शिकली. पुढं मावशीनं तिला आपल्याकडं आणलं.

मावशी द्वारकाबाई कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला. दुपारी शुभांगी डबा घेऊन गेली.

"काऊन वं, तोंड उतरलं?"

शुभांगीनं कानाशी लागून सांगितलं. मावशी हसत सुटली. "हात् तिच्या! इथं मशिनी घरघर करून राह्यल्या, तरी मी त्या टोकाच्या फकिराले हाक मारतो. मेला बहिऱ्याचं सोंग करते!"

"आयकलं म्या, बाई!" कापसाच्या गंजीपलीकडून फकिरा ओरडला.

"पाह्य! आता तू दे खो. त्याले आयकू गेला तरच डबा उघडतो."

पहिले सात-आठ खो मशीनच्या घरघरीत विरले. मग फकिराचा आवाज आला, "आला, आला! पण शेंगदाण्याएवढा!"

सगळ्या बाया हसल्या. शुभांगी पुन्हा ओरडली, मग पुन्हा. एवढं ओरडूनही कुणाचा हात उठला नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

रविवारी मैदानावर पहिला खो द्यायची वेळ आली आणि तिनं मान वळवून पाहिलं. रेघेबाहेर मावशी उभी होती, केसांत कापसाचे तंतू तसेच.

"खो!"

लांबच्या खांबाजवळचा पंचही दचकला.

आज शुभांगी मुधोळला पीईटी आहे. मावशीचे कान मशिनींनी नेले. दर रविवारी शुभांगी फोनवर घसा फोडून बोलते; शेजारची माणसं डोकावतात.

"वरडू नको, बहिरी नाही मी," मावशी म्हणते.

शुभांगी हसते, आणि आणखी मोठ्यानं विचारते, "जेवली का, मावशी?"