पेटीला लावलेला ट्रंक कॉल

गुलबर्ग्याला आलेल्या पाहुण्याला काय दाखवावं? किल्ला आहे, दर्गा आहे, तुरीचा बाजार आहे. आमचे साडू व्यंकटराव यांनी मला स्वतःच्या घराचं दार दाखवलं, तेही फाटकाबाहेर उभं करून.

"आत पाऊल टाकू नका साडूभाऊ. पेटी चालू हाय."

रात्रभर गाडीत अंग आंबलेलं, पोटात चहाचा थेंब नाही, हातात दोन बॅगा, शेजारी बायको. अशा माणसाला पेटीबद्दल आदर वाटणं कठीण असतं. तरी मी "वा!" म्हणालो. सासुरवाडीच्या नात्यात मी नेहमी आधी "वा" म्हणतो आणि मग कशाला ते विचारतो.

व्यंकटरावांच्या मस्कतच्या पुतण्याने पाठवलेली ती पेटी फोनशेजारी बसवली होती. तिथून दाराच्या चौकटीला तारा गेल्या होत्या आणि छपराखाली एक बोंगा (आपला पुण्याचा भोंगा) टांगला होता. पेटी चालू असताना दार उघडलं की बोंगा ओरडणार. पण खरी करामत वेगळीच. परगावाहून घरी फोन लावायचा, पेटी आपणहून तो उचलणार, मग काडेपेटीएवढी एक डबी फोनच्या तोंडाशी धरून ठरलेले आकडे दाबायचे. डबी शिट्ट्या मारते, पेटी त्या ऐकते आणि गप्प बसते किंवा पहाऱ्याला उभी राहते. व्यंकटरावांनी समोरच्या दुकानातून हे करून दाखवलं. जमलं. रस्ता ओलांडला असता तर हाताने बंद करता आलं असतं, हे मी बोललो नाही.

"आणि बोंगा वाजला तर?"

"गल्लीतल्यांना सांगून ठेवलंय. काठ्या घिऊन धावायचं."

आत गेल्यावर मी जपण्याजोगा ऐवज शोधला. तुरीची पोती, एक पंखा आणि ती पेटी.

दुसऱ्या दिवशी जीपने औरादला निघालो. व्यंकटरावांच्या थोरल्याचं लग्न एका दिवसावर, मुलगी औरादची. हुमनाबादपर्यंत दोन्ही बाजूंना फुललेली तूर, सगळं शिवार पिवळं. बीदर जवळ आलं तशी काळी माती संपून तांबडी लागली आणि आमची धूळही रंग बदलून अंगावर बसू लागली. वाटेत एका खानावळीत जोंधळ्याची कडक भाकरी आणि एण्णेगायी (तेलात परतलेली भरली वांगी) खाल्ली. मालकाने पहिल्यांदा कानडीत विचारलं, मग दखनीत, शेवटी मराठीत. मी तिन्ही वेळा "हो" म्हणालो, म्हणून तीन वेळा वांगी आली. व्यंकटराव मात्र जेवताना खिसा चाचपत होते. डबी आहे ना?

औरादच्या मांडवात दुपारी एक पाहुणा मादन हिप्परग्याहून आला. तो सहज बोलून गेला, "तुमची आत्या सकाळीच गुलबर्ग्याला गेली की. उद्याच्या बसचा भरवसा न्हाई म्हणली. रातच्याला तुमच्याच घरी ऱ्हाणार."

हे ऐकताच अक्काच्या (माझ्या थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळींच्या) हातातलं हळदीचं ताट कलंडलं. या दोघी बहिणींना आई गेल्यावर आत्याने वाढवलं. गेल्या दिवाळीत आत्या न कळवता आली आणि दाराला कुलूप पाहून परत गेली. तेव्हा व्यंकटराव म्हणाले होते, "न सांगता आलं की असंच व्हतं." हे वाक्य आत्याच्या हिप्परग्याला बसपेक्षा लवकर पोचलं. "त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई," असं आत्या म्हणाली. मग अक्का स्वतः गेली, तिची ओटी भरली आणि नारळाबरोबर ओटीत घराची किल्ली घातली. आता त्या किल्लीने आत्या दार उघडणार आणि बोंगा ओरडून गल्ली काठ्या घेऊन धावणार!

"चोरासारखी धरतील तिला," अक्का म्हणाली. "मग कुठल्या तोंडानं जाऊ मी? अहो, ते तुमचं यंत्र बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"एका मिनिटाचं काम हाय," व्यंकटराव म्हणाले आणि मला घेऊन फोन करायला टपाल कचेरीत गेले. पुण्याच्या माणसाला यंत्रातलं कळतं असा तिकडे समज आहे. तो खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नाही.

औरादहून सरळ आकडे फिरवून फोन लागत नव्हता, ऑपरेटरकडे कॉल नोंदवावा लागे. व्यंकटरावांनी हुशारीने पी.पी. कॉल मागितला. त्यात पलीकडे ठरलेलं माणूस सापडलं तरच जोडणी होते.

ऑपरेटरने विचारलं, "कोणासंगं बोलायचंय?"

"घरी कोणीच न्हाई."

"मग फोन कामून लावायलाव?"

"पेटीशी बोलायचंय."

त्याने मान वर केली. "पेटी वाजवत्यात साहेब. बोलत्यात कुठं?"

"हार्मोनियम न्हाई हो! चोराची पेटी."

"चोराची?" आता त्याची खुर्ची मागे सरकली. मी पुढे होऊन सगळं शास्त्रशुद्ध समजावलं. त्यानंतर त्याला होतं तेवढंही कळेनासं झालं. अखेर त्याने कॉल जोडून दिला. पलीकडच्या, गुलबर्ग्याच्या एक्स्चेंजमधल्या बाईने पेटीला रीतसर विचारलं, "पेटी आहेत का?" पेटी म्हणाली, "टीं." बाईने "लाइन खराब" म्हणून तोडून टाकलं.

मग साधा कॉल. बराच वेळ घंटा वाजली, पुन्हा "टीं" आलं. पुण्याचा माणूस म्हणून डबी मी धरली. उलटी धरली. सुलटी करून आकडे दाबतो तोच तीन मिनिटं झाल्याची पीं पीं वाजली आणि ऑपरेटर मधेच ओरडला, "वाढवू का? वाढवू का?" त्या पीं पींत पेटीने काय ऐकलं देव जाणे. तारेतून बोंग्याचा आक्रोश आला.

व्यंकटरावांनी माझ्याकडून फोन ओढून घेतला. एवढ्यात पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचलला.

"कोण हाय? काय बोंबलायलंय हे?"

आत्या! ती केव्हाचीच घरात होती, घंटा ऐकूनही दुसऱ्याच्या घरचा फोन तिने उचलला नव्हता. मागाहून कळलं, ती आली तेव्हा गुलबर्ग्यात वीज गेलेली, आणि पेटीतली बॅटरी व्यंकटरावांनी कॉमेंट्री ऐकायला रेडिओत घातली होती. पहारेकरी आत्यासमोर झोपला होता. वीज आल्यावर आम्ही लांबून फोन करून त्याला उठवलं.

"आत्या, घाबरू नका," व्यंकटराव ओरडले.

"मी कामून घाबरू? काठ्या घिऊन माणसं आल्यात दारात, तीच घाबरल्यात. जावईबापू, यांना लग्नाचं आवतण दिलं न्हाईत व्हय?"

व्यंकटरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चोर आला की धावा म्हणलात, जेवायला या म्हणला न्हाईत! बरं, मी सांगितलंय सगळ्यांना. उद्या घिऊन येते. आन् हे वरचं बोंबलणारं मडं काठीनं पाडू का?"

"पाडा," व्यंकटराव म्हणाले. आमच्या नात्यात त्यांनी एका शब्दात दिलेलं हे पहिलं उत्तर.

लग्नाला आत्या गल्लीच्या ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आली. पंगतीत तिने शेजाऱ्यांच्या पानात स्वतः बुंदी वाढली आणि अक्काला जवळ ओढून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. अक्का रडली आणि हसली. काय सांगितलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

परतीच्या गाडीपूर्वी आम्ही गुलबर्ग्याच्या घरी टेकलो. आत्या ट्रकमधून आधीच पोचली होती. घरापासून दूर असताना घरावर हुकूम चालवायची हौस मलाही आहे, मी पुण्याला शेजाऱ्यांना रोज पोस्टकार्ड टाकून "गॅस बंद केला ना?" विचारणारा माणूस. तेव्हा व्यंकटरावांना फार हसण्याचा अधिकार माझा नाही. तरी हसलो.

दार आतून लावलेलं होतं. व्यंकटरावांनी कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून आत्याचा आवाज.

"मी."

"मी म्हणजे कोण? नाव सांगा."

आणि स्वतःच्या घराबाहेर उभं राहून, सगळ्या गल्लीदेखत, व्यंकटरावांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.